सांभाळणारं कुणी नाही

न्हाणीघराच्या भिंतीतला शेवटचा बोल्ट काही केल्या सुटेना. धाकटा ओल्या फरशीवर गुडघे टेकून पान्याला जवळजवळ लोंबकळला होता, आणि त्याची बायको दोन्ही हातांनी लोखंडी दांडी धरून उभी होती, सुटलीच तर खाली पडून फरशी फोडायला नको म्हणून. ही दांडी त्यानेच बसवली होती, आईला झटका आला त्याच महिन्यात. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. काहीही बसवायचं म्हटलं की चार माणसांचा भार तोलेल असंच बसवायचं, ही त्याच्या हाताची सवय.

"इतकं घट्ट कशाला बसवलंत?" ती म्हणाली.

"काढायचंय हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?"

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. "भोकं नीट बुजव रे. त्या तपासणीवाल्या बाईला भोकं दिसली तर सगळं मुसळ केरात."

आई या कामात पदर खोचून उतरली होती. पदर खोचायला एकच हात चालत होता, पण उत्साह चौघांचा होता. कमोडची खुर्ची शेजारी नेऊन ठेवायची कल्पना तिची. उशाशी टांगलेली घंटा तिनेच काढायला लावली. पाणी प्यायची नळीवाली बाटली फडताळात मागे दडवली गेली, तीही तिच्याच हुकमाने. सासूबाईंना एखाद्या गोष्टीत इतका रस घेताना धाकट्या सुनेने गेल्या कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि घरातून काय काय नाहीसं करायचं हे बघता बघता तिच्या लक्षात आलं, की या खोलीतली निम्मी चीजवस्तू आपण आणि नवऱ्याने मिळून जमवलेली आहे.

गोष्ट अशी, की थोरल्याला आईला आपल्याकडे न्यायचं होतं, तिकडे, कायमचं. थोरला परदेशी गेला त्याला बरीच वर्षं झाली. तो काही वाईट माणूस नव्हता. यंदा नेतो, पुढच्या वर्षी नेतो, मोठं घर झालं की नेतो, असं म्हणत राहिला, आणि दर वेळी मनापासून म्हणत राहिला. मधल्या काळात आईची डावी बाजू गेली. मग तो म्हणू लागला, जरा बरी झाली की नेतो. शेवटी यंदा त्याने खरोखर मनावर घेतलं, आणि नेमका त्याच सुमाराला तिकडचा नियम बदलला.

पूर्वी मुलाचा पगार आणि घरात एक रिकामी खोली दाखवली की भागत असे. आता तेवढ्यावर भागेना. आईबापाला बोलवायचं तर त्यांना रोजच्या उठण्याबसण्याला दुसऱ्याचा हात लागत असला पाहिजे, आणि तो हात त्यांच्या स्वतःच्या देशात कुणाचाही मिळत नसला पाहिजे. फुकट नाही, की पैसे मोजूनही नाही. ज्याने हा नियम केला त्याने म्हातारी माणसं कधी पाहिलीच नसावीत, किंवा फार जवळून पाहिली असावीत. पहिली अट आईच्या झटक्याने आयतीच पुरी केली होती. दुसरी अट स्वयंपाकघरात उभी राहून आईसाठी दूध गरम करत होती.

"अडचण म्हणजे तुम्ही आहात, ताई," असं व्हिसा सल्लागाराने तिला तोंडावर सांगितलं होतं.

"मी काय केलं?"

"सगळंच करता, तीच पंचाईत आहे." सल्लागार डॉक्टरसारखा हळू आवाजात बोलायचा. "हे बघा, सांभाळणारं माणूस एकतर वारलेलं पाहिजे, नाहीतर परगावी पाहिजे, नाहीतर कुचकामी पाहिजे. तुम्ही हयात आहात, इथेच आहात. मग काय उरलं?"

नवरा हसला. तीही हसली, जरा उशिरा. मग दोघांनी सल्लागाराने काढून ठेवलेल्या निवेदनावर सह्या केल्या. आम्ही आईचा सांभाळ करत नाही, आमच्याकडून तो होत नाही, पुढेही होणार नाही. तिने झोकात सही केली, कारण आई जायला तिला हव्याच होत्या.

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. आईंच्या आजारपणाआधी दिवसभर तेच काम होतं आणि त्यात तिचा हात धरणारं दुकानात कुणी नव्हतं. मग अर्ध्या दिवसावर आली. आईंची आंघोळ, नाश्ता, औषधं उरकून जायचं, शेजारणीला मधून डोकवायला सांगायचं आणि जेवणाच्या आत धावत परत यायचं. आता दुकानाच्या मालकाने दुसरी शाखा काढायला घेतली होती, आणि तिथला घासकामाचा सगळा विभाग तू बघ, असं तो तिला म्हणाला होता. दिवसभराचं काम, हाताखाली माणसं, स्वतःचं टेबल. ती त्याला म्हणाली होती, थोडं थांबा, घरचं एक मार्गी लागतंय. घरी मात्र तिने हा विषय काढला नाही. आई जायच्या आधी काढला असता तर म्हातारीला घराबाहेर ढकलल्यासारखं दिसलं असतं, आणि तिच्या मनात तसं अगदीच नव्हतं असंही तिला छातीठोकपणे म्हणता आलं नसतं. रात्री पाठ टेकली की ती मनातल्या मनात त्या टेबलाचे खण लावत बसायची.

तेव्हा खोटं बोलण्याचं तिला काही वाटत नव्हतं. तिला लागलं ते दुसरंच.

तपासणीची तारीख कळल्यापासून आईची तालीम चालली होती. तिकडच्या कचेरीने नेमलेली एक बाई घरी येऊन सगळं पाहणार होती, आईला प्रश्न विचारणार होती. आईने प्रश्नही स्वतःच तयार केले आणि उत्तरंही. धाकटी तिला भरवत असायची आणि आई घासाघासाच्या मधे बोलत असायची.

"दिवस दिवस कुणी फिरकत नाही माझ्याकडे."

"आ करा, आई."

"पाणी मागितलं तर ऐकू न आल्यासारखं करतात." घास गिळून, "सून तर तोंडावर दार लावून घेते."

"आता दार पण लावते का मी?"

"काहीतरी बोलायला नको? नुसतं एकटी, एकटी म्हणून कोण ऐकून घेतं?" आईने रुमालाकडे मान वळवली. धाकटीने तिचं तोंड पुसलं. "परवा मी पडले होते तासभर, आणि ही शेजारी जाऊन गप्पा छाटत होती. हे कसं वाटतं?"

"कधी पडला होतात?"

"पडले नव्हते. पण पडले असते तर?"

आईचा सूर इतका सहज होता, की क्षणभर धाकटीलाच शंका आली, आपण कधी लावलं होतं का दार? एखाद्या दिवशी, कंटाळून? आई सांगत होती ते घडलेलं नव्हतं, पण सांगताना तिला कुठे अडखळायला होत नव्हतं. एवढा पाढा पाठ करायला इतर माणसाला महिनाभर लागला असता. धाकटीने वाटी विसळायला नेली आणि नळ उगीचच बराच वेळ सोडून ठेवला.

"मस्त बोलते की नाही आई?" रात्री नवरा कौतुकाने म्हणाला.

"मस्त," ती म्हणाली आणि दिवा घालवला.

तपासणीच्या दिवशी सगळं सल्लागाराने सांगितलं होतं तसं होतं. दोन दिवस आईला आंघोळ घातली नव्हती. केस विंचरायचे नाहीत म्हणून धाकटीने कंगवा कपाटात टाकून किल्ली नवऱ्याजवळ दिली होती, कारण स्वतःच्या हाताचा तिला भरवसा नव्हता. मळकी चादर शेजारणीकडून आणली. घरात मळकी चादर सापडेना. खिडकी बंद, औषधांच्या पट्ट्या टेबलावर विस्कटलेल्या, एका कपात कालचा चहा साय धरून बसलेला. नवऱ्याने दारात उभं राहून खोलीवर नजर फिरवली आणि पसंतीची मान हलवली. मग कुठल्याशा इमारतीत लिफ्ट अडकली म्हणून फोन आला आणि तो गेला.

"कपाळाला आठ्या घाल," जाताजाता त्याने बजावलं. "आणि जेवढ्यास तेवढं बोल."

बाई सकाळी येणार होती. सकाळ उलटून गेली तरी तिचा पत्ता नाही. आई पलंगावर बसून वाट बघत होती. आधी तिने दोनदा पाढा म्हणून पाहिला. मग ती चुळबुळ करायला लागली, मग कुरकुर. बंद खोलीत उकडत होतं. धाकटी आठ्या घालून खुर्चीवर बसली होती, पण समोर कुणी नसताना आठ्या किती वेळ टिकणार?

"टोचतंय ग," आई म्हणाली.

काय ते विचारावं लागलं नाही. आईचा डावा हात आजारानंतर मुठीत वळला होता. बोटं आपणहून उघडायची नाहीत आणि नखं जरा वाढली की तळव्यात रुतायची. सुरुवातीला एकदा तळव्याला जखम झाली होती, तेव्हापासून धाकटी नखं वाढू द्यायची नाही. ती उठली, खणातून नेलकटर काढला, पलंगाच्या कडेला बसली आणि आईची मूठ मांडीवर घेतली. मूठ जोर लावून उघडायची नसते. मनगट आधी खाली वाकवायचं, मग अंगठा, मग एकेक बोट, बोलत बोलत, आईचं लक्ष दुसरीकडे ठेवून.

"तिकडे म्हणे थंडी फार असते," धाकटी म्हणाली.

"असेना का. थोरल्याच्या घरात सगळं घर गरम ठेवतात."

"तुम्हाला गरम सोसत नाही."

"तिथलं गरम वेगळं असतं."

पाच नखं झाली. आईने सवयीने उजवा हात पुढे केला. धाकटीने सवयीने तो घेतला. कापून झाल्यावर ती नेलकटरच्या कानशीने कडा घासत बसली. कुठलीही कड बोटाला लागता कामा नये, हा तिच्या धंद्याचा शिरस्ता. काच असो की नख, घासून गुळगुळीत केल्याशिवाय तिला हातावेगळं करता येत नसे. आईचे डोळे मिटायला लागले होते. दोघींच्याही मनात त्या घटकेला तपासणी नव्हती, परदेश नव्हता, काही नव्हतं.

दाराची बेल वाजली तेव्हा धाकटीने नखांचे तुकडे एका हातात गोळा केले आणि तसंच जाऊन दार उघडलं.

तपासणीवाली बाई मध्यम वयाची होती, दमलेली, सभ्य. उशीर झाल्याबद्दल तिने माफी मागितली. धाकटीने आठ्या घातल्या आणि जेवढ्यास तेवढं म्हणून काहीच बोलली नाही. बाईने खोली पाहिली, चादर पाहिली, चहाचा कप पाहिला. न्हाणीघरात डोकावून आली. मग खुर्ची ओढून आईच्या समोर बसली.

आई बोलायला लागली, आणि काय बोलली! दार, पाणी, तासभर पडून राहणं, सगळं आलं. तालमीत नव्हतं तेही आलं. उधळ्या माणसासारखं सगळं उधळून टाकलं तिने. सून उरलंसुरलं पुढे टाकते. मुलगा आईच्या खोलीत पाऊल ठेवत नाही. मध्येच तिचा आवाज भरून आला, आणि तो आणलेला नव्हता हे धाकटीला कळलं. दाराच्या चौकटीला टेकून तिने मूठ घट्ट आवळली.

बाई लिहून घेत होती. तिच्या चेहऱ्यावर कीव होती. काम झाल्यात जमा होतं.

"आजी, हात दाखवता का जरा? दोन्ही."

आईने उजवा हात पुढे केला. डावा बाईने स्वतः उचलून घेतला. मनगट खाली वाकवलं, अंगठा सोडवला, बोटं उघडली. अगदी तसंच, जसं करायचं असतं. तळवा स्वच्छ होता. बाईने तो थोडा वेळ पाहिला. मग उजवा हात हातात घेऊन एका नखाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"नखं कोण कापतं तुमची?"

"मीच," आई ताबडतोब म्हणाली. "दुसरं कोण कापणार?"

"या हाताची?"

"हो."

"कशी कापता?"

आईने तोंड उघडलं. मग तिने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं, फितूर झालेल्या माणसाकडे पाहावं तसं. एवढ्या तालमीत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

बाईने पाठ बघू का, म्हणून विचारलं. पाठीला एक चट्टा नव्हता. टाचा पाहिल्या, टाचांना तेल होतं. मग तिने एकदाच मान वर करून दाराकडे पाहिलं. धाकटीच्या आठ्या कधीच्या मोडल्या होत्या. तिची मूठ अजून बंद होती आणि त्या मुठीत काय आहे ते जणू बाईला दिसत होतं.

"येते मी," बाई म्हणाली.

निकाल लागायला बरेच दिवस गेले. तोवर धाकट्याने दांडी पुन्हा बसवली होती, नवी भोकं पाडून, पहिल्यापेक्षा घट्ट. त्या दिवशी काय झालं ते आईनेच त्याला सांगितलं होतं, पण होईल काहीतरी, एवढ्या तेवढ्यावरून कोण अडवतं, अशी सगळ्यांनी आपापली समजूत घालून घेतली होती. मग एके संध्याकाळी थोरल्याचा फोन आला. धाकट्याने तो स्पीकरवर टाकला.

"नाही म्हणाले," थोरला म्हणाला.

"कारण?"

"कारण काय! वाचतो, ऐका. अर्जदार स्वच्छ आणि सुपोषित आहे. हातापायांची निगा नुकतीच व नियमित घेतलेली आढळली. अर्जदाराला तिच्या धाकट्या सुनेकडून दीर्घकाळ उत्तम दर्जाची वैयक्तिक काळजी मिळत आहे. ती यापुढे मिळणार नाही असे मानण्यास कोणतेही कारण दिसत नाही."

धाकटी पुढे सरकली.

"दादा, ते पुन्हा एकदा वाचाल का?"

"पुन्हा काय वाचायचंय त्यात?" थोरल्याचा आवाज चढला. तो चढलेला आवाज तिने पहिल्यांदाच ऐकला. "मी इकडे किती खेटे घातले, किती जणांचे पाय धरले, आणि तुला त्याच दिवशी नखं कापायची बुद्धी झाली? एक दिवस दम नाही निघाला?"

तिला ते वाक्य पुन्हा ऐकायचं होतं एवढंच. उत्तम दर्जाची, दीर्घकाळ. इतक्या वर्षांत या घरात कुणी तिला हे म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं तेव्हा ते साता समुद्रापलीकडच्या कुणा अनोळखी कारकुनाने म्हटलं, नकाराचं कारण म्हणून.

नवऱ्याने फोन ठेवला आणि तिच्याकडे बघितलं.

"खरं सांग. मुद्दाम केलंस?"

"मुद्दाम कशाला करेन?"

"मला काय माहीत? लोक काय म्हणतील म्हणून. सासूला घालवली म्हणतील म्हणून."

"मुद्दाम केलं असतं तर निदान बरं तरी वाटलं असतं," ती म्हणाली. त्याला ते कळलं नाही. आईंनीच हात पुढे केला होता, हे तिच्या ओठांवर आलं होतं, पण आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि ते सांगून आता काय साधणार होतं? दुकानाबद्दलही ती बोलली नाही. आता बोलली असती तर कुणाचा विश्वास बसला नसता. ज्या बाईला आई जायला सर्वांत जास्त हव्या होत्या तिनेच त्यांना जाऊ दिलं नाही, हे सांगायचं कसं आणि कुणाला?

दोनच दिवसांत थोरला निवळला. त्याने पुन्हा फोन केला, माफीही मागितली. सल्लागाराशी त्याचं बोलणं झालं होतं. अपील करता येत होतं. मात्र यावेळी नुसतं नाटक पुरणार नव्हतं. धाकट्याने बायकोला घेऊन खरोखर दुसरीकडे बिऱ्हाड करायचं, दूर, आणि शेजारणीने तसं सांगायचं. मग सून काळजी घेते हा मुद्दाच निकालात निघतो. भाड्याचं मी बघतो, थोरला म्हणाला. धाकटा कां कू करत तयार झाला. धाकटीने मालकाला सांगितलं, अजून थोडं थांबता येईल का. मालक म्हणाला, थोडंच, आणि तिने त्या थोड्यावर भिस्त ठेवली. अपिलाची मुदत चालू होती. फक्त आईची सही हवी होती, आणि आई कुणाशी बोलत नव्हती.

निकालापासून तिने धाकटीशी चकार शब्द काढला नव्हता. भरवलं की खायची, उठवलं की उठायची, आंघोळ घातली की घालून घ्यायची, पण बघायची दुसरीकडे. धाकटी मूग गिळून सगळं करत होती. थोरल्याकडे जायला म्हातारीने किती आटापिटा केला होता ते तिने पाहिलं होतं. राग असणारच. उलट हा राग तिला सोयीचा वाटत होता. राग असेल तर आई सही करेल, तडकाफडकी करेल.

त्या दिवशी दुपारी ती आईला भरवत होती. अपिलाचे कागद टेबलावर होते आणि जेवण झाल्यावर विषय काढायचा असं तिने ठरवलं होतं. आईने तीन-चार घास मुकाट्याने खाल्ले. पाचव्याला तोंड बंद ठेवलं.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," आई म्हणाली.

धाकटीचा चमचा हवेतच राहिला. "काय, आई?"

"मुद्दाम कापलीस ना नखं?"

धाकटी काही म्हणायच्या आत आईच बोलू लागली. आवाजात राग नव्हता. "बाई दारात येऊन ठेपली असताना कुणी नखं कापत बसतं का? वेडी का खुळी तू? मी आधी चिडलेच होते. म्हटलं हिने घात केला माझा. पण रोज तुझ्याकडे बघतेय मी, तुला वाटतं बघत नाही. दादा एवढा बोलला तुला, हा बोलला, तू एका शब्दाने उलट बोलली नाहीस. तेव्हा म्हटलं, हे काय ते वेगळं आहे." आईने उजवा हात पुढे करून तिच्या मनगटावर ठेवला. "जीव गुंतलाय तुझा माझ्यात. तोंडाने बोलायची नाहीस कधी, पण गुंतलाय. मला जाऊ द्यायचं नव्हतं तुला."

आईच्या चेहऱ्याची चालती बाजू हसत होती. दुसऱ्या बाजूलाही, धाकटीला वाटलं, काहीतरी हललं. तिने हे हसू यापूर्वी पाहिलं होतं, फोनवर थोरला दिसायचा तेव्हा. तिच्या वाट्याला ते कधी आलं नव्हतं. हातातला चमचा जड झाला होता. नाही म्हणणं अवघड नव्हतं. नाही, आई, हात चुकून गेला, मला तुम्ही जायला हव्या आहात, आजही हव्या आहात, एवढंच म्हणायचं होतं.

"सांग ना," आई म्हणाली. "असंच ना?"

"हो," धाकटी म्हणाली.

"बघ! मला ठाऊक होतं." आईने समाधानाने डोळे मिटले आणि उघडले. मग तिने तोंड उघडलं. धाकटीने घास दिला. आई चावत चावत विचार करत होती. "माझंही आत्ता मागे-पुढे होत होतं. थोरला म्हणतो अपील करू, तुम्ही दुसरीकडे राहायला जा, मी इथे एकटीने पडून राहायचं. म्हटलं, आधी हिला विचारावं. उगीच तुझा जीव तोडून मी तिकडे जाऊन काय करू? गरम तसंही सोसत नाही मला."

"आई, दादांनी एवढं सगळं..."

"दादाची काळजी तू करू नकोस, त्याला मी समजावते." आईच्या आवाजात पूर्वीची, तालमीतली तडफ परत आली होती. "लाव त्याला फोन. आत्ताच लाव, म्हणजे त्याच्याही डोक्यातून निघेल. म्हणावं, अपील-बिपील काही करू नकोस. ही मला सोडायची नाही."

टेबलावर अपिलाचे कागद होते. त्यांवर वाटी ठेवून धाकटीने हात पुसले, थोरल्याचा नंबर लावला आणि फोन आईच्या कानाशी धरून ती उभी राहिली.